बीडच्या रेल्वेचा हिशेब

बीड जिल्ह्यातल्या नारायणगडावर २०२४ च्या दसरा मेळाव्याला राज्यभरातून माणूस लोटला, तो रस्त्यानंच. प्रवासी गाडी तेव्हा बीडपर्यंत पोहोचलीच नव्हती. बीडला ती आली १७ सप्टेंबर २०२५ रोजी. अहिल्यानगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ मध्ये मंजूर झाला, तेव्हा अंदाज होता ३५३ कोटींचा. आता तो ४,८०० कोटींवर गेलाय. निम्मा भार राज्याच्या तिजोरीवर, म्हणजे जाब खासदारांइतकाच आमदारांनाही विचारायला हवा. सुरक्षेचं म्हणाल तर नव्या रुळांवरून प्रवासी नेण्याआधी रेल्वे सुरक्षा आयुक्त पूल, वळणं, सिग्नल तपासतात. हा अधिकारी रेल्वेच्या हाताखाली नसतो. तो नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतो. परळीकडच्या टप्प्यालाही हीच तपासणी लागेल.