नाडी नसलेला तास

ऑपरेशन टेबलावरच्या माणसाच्या मनगटाला हात लावला तर नाडी लागत नाही. ईसीजीची रेष सपाट, व्हेंटिलेटर थांबवलेला. तरी तो जिवंत आहे. त्याचा जीव या घडीला टेबलाशेजारी स्टुलावर बसून हृदय-फुप्फुस यंत्र (हार्ट-लंग मशीन) चालवणाऱ्या परफ्युजनिस्टच्या हातात आहे. ऑपरेशन पार पडलं की नातेवाईक सर्जनच्या पाया पडतात. परफ्युजनिस्ट नावाचं कुणी आत होतं, हे बहुतेकांच्या गावीही नसतं.

या यंत्राचा उगम 1931च्या फेब्रुवारीतल्या एका रात्रीत आहे. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या एका बाईच्या फुप्फुसाच्या धमनीत रक्ताची गुठळी अडकली. जॉन गिबन हा तरुण डॉक्टर रात्रभर तिच्या उशाशी होता. सकाळी एडवर्ड चर्चिल यांनी साडेसहा मिनिटांत गुठळी काढली, पण बाई गेली. तिचं काळंनिळं रक्त बाहेर काढून, त्यात प्राणवायू मिसळून पुन्हा धमनीत सोडता आलं असतं तर? या प्रश्नानं गिबनना पुढची बावीस वर्षं सोडलं नाही. वरिष्ठांना त्यात फारसा राम दिसत नव्हता. साथ दिली ती पत्नी मेरी यांनी. प्रयोगाला मांजरं कमी पडली की गिबन रात्री ट्यूना मासा आणि पोतं घेऊन बॉस्टनच्या गल्ल्यांत भटकी मांजरं धरायला निघत.

हृदयाची नक्कल त्या मानानं सोपी होती. खरी डोकेदुखी फुप्फुसाची. आपल्या फुप्फुसांचा आतला पृष्ठभाग सुमारे 70 चौरस मीटर भरतो, आणि रक्त त्यावर अतिशय पातळ थरात पसरतं. गिबननी रक्त पोलादी जाळ्यांवरून ओघळू दिलं. 6 मे 1953 रोजी फिलाडेल्फियात 18 वर्षांच्या एका मुलीच्या हृदयातल्या कप्प्यांमधलं छिद्र त्यांनी बुजवलं. 26 मिनिटं ती सर्वस्वी यंत्रावर होती. मध्येच जाळीवर रक्त गोठू लागलं, पण निभावलं. पुढचे रुग्ण मात्र दगावले, आणि गिबननी हा नाद सोडला.

पुढच्याच वर्षी मिनेसोटात वॉल्टन लिलेहाय यांनी यंत्राला फाटाच दिला. मुलाच्या रक्तवाहिन्या त्यांनी थेट बापाच्या रक्तवाहिन्यांना जोडल्या. पोराचं हृदय उघडं असताना बापाचं हृदय आणि फुप्फुसं दोघांसाठी राबली. एका ऑपरेशनमध्ये दोन जीव धोक्यात! 1955 मध्ये मेयो क्लिनिकच्या जॉन कर्कलिन यांनी गिबनचं यंत्र सुधारून वापरलं. त्याच वर्षी लिलेहाय यांचे सहकारी रिचर्ड डीवॉल यांनी साध्या प्लॅस्टिकच्या नळ्यांतून, रक्तात प्राणवायूचे बुडबुडे सोडणारं स्वस्त उपकरण बनवलं. माझ्या मते ओपन हार्ट सर्जरी जगभर पोहोचली ती गिबनच्या देखण्या यंत्रापेक्षा या ओबडधोबड नळ्यांमुळे.

आजचं यंत्र बघू. आधी हिपॅरिन देतात, नाहीतर प्लॅस्टिकला लागताच रक्त गोठेल. मग हृदयाच्या उजव्या कप्प्यात घातलेल्या नळीतून काळपट रक्त उताराने खाली टाकीत येतं. म्हणून टेबल उंच आणि यंत्र बुटकं. रोलर पंप नळी दाबत रक्त पुढे ढकलतो, टूथपेस्टची ट्यूब बोटानं दाबत नेल्यासारखा. ऑक्सिजनेटरमध्ये केसासारख्या हजारो पोकळ तंतूंच्या आतून प्राणवायू आणि बाहेरून रक्त वाहतं. पडद्याचं क्षेत्रफळ जेमतेम 2 चौरस मीटर, पण भूल दिलेल्या, थंड केलेल्या शरीराला ते पुरतं. लालभडक झालेलं रक्त गाळणीतून महाधमनीत परततं. ते संथ, एकसारखं वाहतं; ठोके नाहीत, म्हणून नाडी नाही. मग सर्जन महाधमनीला चिमटा लावतो आणि पोटॅशियमचं द्रावण हृदयाच्या रक्तवाहिन्यांत सोडलं जातं. हृदय थबकतं, आणि हलत नसलेल्या हृदयावर टाके घालता येतात.

परफ्युजनिस्टची नजर मात्र टाकीतल्या पातळीवरून हलत नाही. टाकी रिकामी झाली तर धमनीत हवा जाईल, आणि हवेचा बुडबुडा मेंदूत पोचला की पक्षाघात. गजर आहेत, सेन्सर आहेत. वीज गेली तर पंप हातानं फिरवायचा दांडा यंत्रालाच अडकवलेला असतो. तान्ह्या बाळांचं काम आणखी नाजूक. 3 किलोच्या बाळात एकूण रक्त पाव लिटरच्या आसपास. नळ्या भरण्यातच ते पातळ होऊन जाईल, म्हणून यंत्र आधी दात्याच्या रक्तानं भरून घ्यावं लागतं.

हा पाहुणचार शरीराला फुकट मिळत नाही. परक्या पृष्ठभागांना रक्त लागलं की सूज येते, रक्तपेशी फुटतात, काहींच्या स्मरणशक्तीवर काही काळ परिणाम होतो. म्हणूनच आपल्याकडे बरेच सर्जन हृदयधमन्यांची बायपास धडधडत्या हृदयावरच करतात. पण झडप बदलायला, छिद्र बुजवायला हृदय उघडावं लागतं, तिथे यंत्राला पर्याय नाही. परळच्या केईएममध्ये 16 फेब्रुवारी 1968 रोजी डॉ. पी. के. सेन यांनी केलेलं भारतातलं पहिलं हृदयरोपणसुद्धा छातीत हृदयच नसतानाचा मधला वेळ यंत्रानं सांभाळल्याशिवाय शक्य नव्हतं.

घरात कुणाचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं, तर सर्जनची ख्याती विचारताना एक प्रश्न जास्तीचा विचारा: पंपवर कोण बसणार आहे, आणि त्यांचा अनुभव किती? विचारायला संकोच करू नका. चांगल्या टीमला याचा राग येत नाही.