गुमास्त्यांच्या हाती आलेलं दुकान

1880 साली पॅरिसमधल्या एका विधवा मालकिणीनं आपल्या अवाढव्य दुकानात तिथल्याच नोकरमाणसांना भागीदार करून घेतलं. तिचं नाव मार्गरीत बूसिको, दुकानाचं नाव बाँ मार्शे. 1816 साली बर्गंडीतल्या वेर्जू या खेड्यात तिचा जन्म झाला, तो अनौरस मूल म्हणून. लहानपणी हंस राखायचे, शाळेचं तोंड जेमतेम पाहिलेलं, पुढे पॅरिसला येऊन धुण्याचं काम. किरकोळ व्यापाराच्या इतिहासात तिच्याइतकं थक्क करणारं माणूस मला तरी दुसरं दिसत नाही.

तिचा नवरा आरिस्तिद हा टोप्या विकणाऱ्याचा मुलगा. पॅरिसच्या ‘पती साँ-तोमा’ या कापडदुकानात तो साध्या विक्रेत्यापासून विभागप्रमुखापर्यंत चढला. 1852 साली तो बाँ मार्शेत भागीदार झाला, तेव्हा दुकानाची वर्षाची विक्री सुमारे पाच लाख फ्रँक होती. 1863 मध्ये जुन्या भागीदाराचा हिस्सा त्यानं विकत घेतला. त्यासाठी लागलेली रक्कम न्यूयॉर्कमध्ये मिठाईच्या धंद्यात श्रीमंत झालेल्या मायार नावाच्या गृहस्थानं कर्जाऊ दिली. 1877 पर्यंत विक्री सात कोटी फ्रँकांवर गेली होती.

हे घडलं कसं? प्रत्येक वस्तूवर किंमत लिहिलेली, घासाघीस बंद. आत यावं, बघावं, काही न घेता परत जावं, कुणी आडवं येणार नाही. नापसंत माल परत घेतला जाई. नफा थोडा, पण माल झपाट्यानं हलायचा. या युक्त्या एकट्या बूसिकोनं शोधल्या नव्हत्या. पॅरिसच्या इतर दुकानांतही त्या तुटकपणे होत्या. त्यानं त्या एकत्र आणल्या आणि नेटानं चालवल्या. 1869 मध्ये नव्या इमारतीचं काम सुरू झालं, तेही लोखंड आणि काचेचं. लेख लिहिणारे बहुधा या इमारतीपाशीच थबकतात. मला मात्र तिच्या आत उभ्या असलेल्या माणसांचं जास्त नवल वाटतं.

विक्रेत्याला पगार बेताचाच, पण विक्रीवर टक्केवारी मिळे. माल पसंत पडला की तो गिऱ्हाइकाला घेऊन स्वतः गल्ल्यापर्यंत जाई, तिथे नोंद होई, आणि तीच नोंद त्याच्या कमाईचा आधार. दुपारचं आणि रात्रीचं जेवण दुकानातच, फुकट. कामानंतर इंग्रजीचे वर्ग, संगीत, तलवारबाजी. अविवाहित मुलींना वरच्या मजल्यावर खोल्या होत्या, आणि रात्री ठरल्या वेळी परतावं लागे. शिस्त जाचक होती हे लपवण्यात अर्थ नाही. नवख्यांना झटपट घरी पाठवलं जाई. पण जो टिकला त्याच्यापुढे वाट मोकळी होती: विक्रेता, मग विभागातला दुय्यम, मग विभागप्रमुख. हा प्रमुख नुसता देखरेख करणारा नव्हे. कुठला माल किती घ्यायचा हे तोच ठरवी, त्यासाठी कारखान्यांपर्यंत जाई, आणि खप झाला नाही तर जाब त्यालाच द्यावा लागे. दुकानातल्या दुकानात तो एक स्वतंत्र व्यापारी घडत होता.

1876 मध्ये बूसिकोनं निर्वाह निधी काढला. सलग पाच वर्षं काम केलेल्या प्रत्येकाच्या नावे दुकानाच्या नफ्यातून रक्कम जमा होऊ लागली, त्यावर व्याजही चढे. पगारातून छदामही कापला जात नसे. प्रत्येकाजवळ आपल्या खात्याचं पुस्तक असे. नोकरी मुदतीआधी सुटली तर मात्र सहसा हक्क जाई. म्हणजे या औदार्यात व्यापाऱ्याचा हिशेबही होता: मुरलेला माणूस दुसऱ्या दुकानात जाऊ नये. मला त्यात विसंगती वाटत नाही. दोघांचंही भलं साधणारी सोय होती म्हणून तर ती टिकली.

पुढच्याच वर्षी बूसिको वारला, 1879 मध्ये एकुलता एक मुलगाही गेला. मार्गरीतबाई तेव्हा साठी ओलांडलेल्या. दुकान विकून स्वस्थ बसल्या असत्या तर कुणी बोल लावला नसता. त्यांनी दोन कोटी फ्रँक भांडवलाची भागीदारी संस्था उभी केली आणि दुकानातल्या जुन्याजाणत्यांना हिस्से घेऊ दिले. एक हिस्सा पन्नास हजार फ्रँकांचा, तेव्हा कित्येकांनी पैसे एकत्र करून तो घेतला. 1886 मध्ये निवृत्तिवेतनासाठी त्यांनी स्वतःचे पन्नास लाख फ्रँक वेगळे काढले. पाश्चरच्या नव्या संस्थेलाही भरघोस देणगी दिली, आणि माहेरच्या वेर्जूला सोन नदीवर पूल बांधून दिला.

डिसेंबर 1887 मध्ये त्या वारल्या. मृत्युपत्रात नोकरांना सेवेच्या वर्षांनुसार रकमा ठेवल्या होत्या, आणि पॅरिसमध्ये त्यांच्या पैशातून उभं राहिलेलं बूसिको रुग्णालय 1897 साली सुरू झालं. दुकानाचा कारभार त्यानंतर बराच काळ आतूनच वर आलेल्या माणसांकडे राहिला. काउंटरवर कापड मोजून सुरुवात केलेले लोक हजारो नोकरांच्या त्या पेढीचे कारभारी झाले.