जुन्या ट्रकचा हट्टी गिअर

ग्रामपंचायतीचा पाण्याचा टँकर असो की सहकारी संस्थेचा मालवाहू ट्रक, वाहन जुने झाले की चालकाची पहिली तक्रार ठरलेली असते : गिअर पडत नाही. मग दांड्याशी झटापट सुरू होते आणि गिअरपेटीतून कर्कश खरखर ऐकू येते. अशा वेळी दोष यंत्राचाच असतो असे नाही. पुष्कळदा त्याची रीत समजून घेतलेली नसते.

गिअर बदलणे म्हणजे निरनिराळ्या गतीने फिरणारे भाग एकमेकांत गुंतविणे होय. गती जुळली नाही, तर दातांवर दात आपटतात. ती जुळवून देणारी सिंक्रोमेश रचना १९२८ साली कॅडिलॅक मोटारीत प्रथम आली. परंतु अनेक जुन्या ट्रकांत ती नसते. तेथे हे काम चालकालाच करावे लागते. यालाच ‘डबल क्लच’ म्हणतात.

खालचा गिअर घेताना क्लच दाबून दांडा न्यूट्रलमध्ये आणावा व क्लच सोडावा. ॲक्सिलरेटर किंचित दाबून इंजिनाची गती वाढवावी आणि पुन्हा क्लच दाबून लगेच गिअर टाकावा. वरचा गिअर घेताना मात्र न्यूट्रलमध्ये क्षणभर थांबून इंजिनाची गती उतरू द्यावी.

एवढे करूनही गिअर अडत असेल, तर सपाट जागी हातब्रेक लावून परीक्षा घ्यावी. इंजिन बंद असताना गिअर सहज पडतात आणि चालू असताना अडतात, तर क्लच पुरता सुटत नाही असे समजावे. दोन्ही वेळा अडत असतील, तर दांड्याची जोडणी, आतील फोर्क आणि तेलाची पातळी व प्रत तपासून घ्यावी.

खरा धोका घाटात असतो. उतारावर न्यूट्रलमध्ये आलेला ट्रक वेग घेतो, गिअर पुन्हा पडत नाही आणि सारा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापले की त्यांची पकड कमी होते. म्हणून उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा; डिझेल वाचविण्यासाठी न्यूट्रलमध्ये उतरू नये.

चालकाची तक्रार नोंदवहीत लिहून घेणे व दुरुस्ती होईपर्यंत ते वाहन घाटात न पाठविणे, ही पंचायतीची जबाबदारी आहे. टँकरची एक खेप चुकली तर ती दुसऱ्या दिवशी भरून काढता येते. गेलेला जीव परत आणता येत नाही.