अर्जात हसू किती असावं?

'महोदय, आपल्या अमुक तारखेच्या जाहिरातीस अनुसरून मी सदर पदासाठी अर्ज सादर करीत आहे.' श्रोतेहो, हे वाक्य आपल्याकडच्या तीन पिढ्यांनी लिहिलं. जिल्हा परिषदेपासून बँकेपर्यंत सगळीकडे ते चाललं. कारण तिथे अर्ज वाचण्यापेक्षा तो फाइलला लावणं महत्त्वाचं असतं. वय, शिक्षण, टक्केवारी पाहिली की काम संपलं. वाक्याची गोडी चाखायला कुणाला वेळ असतो?

आता दिवस थोडे बदलले आहेत. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारनं 'स्टार्टअप इंडिया' योजना सुरू केली आणि 'स्टार्टअप' हा शब्द गावोगाव पोचला. आठ-दहा माणसांची नवी कंपनी, एखाद्या फ्लॅटमध्ये थाटलेली. कुणी मोबाइलवर ऐकायच्या गोष्टी तयार करतं, कुणी शाळेचे धडे. अशा कंपनीला मराठी मजकूर तपासणारा, नीट करणारा शिकाऊ संपादक लागतो. मराठी घेऊन एम.ए. केलेल्या आपल्या नागपूरच्या मुलामुलींसाठी ही मोठी गोष्ट आहे. पुण्या-मुंबईचं भाडं न भरता, घरी राहून, भाषेवर पोट भरण्याची ती एक वाट आहे.

मी इथल्या वृत्तपत्रात बरीच वर्षं उपसंपादकाच्या टेबलावर काढली. आता ओळखीच्या एका छोट्या कंपनीत आलेले अर्ज आधी मी चाळतो. तिथे आस्थापना विभाग वगैरे काही नसतो. ज्याच्या शेजारी बसून काम करायचं, तोच अर्ज वाचतो. त्याला दोनच प्रश्न पडलेले असतात: याला भाषा येते का, आणि याच्याबरोबर दिवस बरा जाईल का? नेमका बसलेला एखादा विनोद या दोन्ही प्रश्नांना एकदम उत्तर देतो. त्यातून आजकाल अर्ज लिहून देणारी यंत्रं आली आहेत. त्यांचे अर्ज गुळगुळीत असतात, पण दहा अर्ज एकाच साच्यातले निघाले की एकही लक्षात राहत नाही.

पण विनोद म्हणजे चुटका नव्हे. अर्जातला विनोद कामाचा पुरावा घेऊन आला पाहिजे. समजा, एखादीनं लिहिलं, 'लग्नपत्रिका हाती आली की मी आधी शुद्धलेखन पाहते, मग तारीख. त्यामुळे दोन लग्नं चुकली आहेत.' वाचणारा हसतो, आणि हसता हसता त्याला कळतं की हिची नजर मजकुरावर आहे. याउलट, 'मला काहीच येत नाही, पण चहा छान करतो' असं लिहिलं, तर वाचणारा हसेल आणि पुढचा अर्ज उघडेल. थट्टा स्वतःची जरूर करावी, आपल्या कामाची करू नये. कुणाची जात, गाव, रंगरूप यांवरची थट्टा तर दारातूनच परत पाठवते.

दुसरी गोष्ट, विनोदानंतरचा मजकूर स्वच्छ हवा. एका अर्जात वाक्य होतं, 'मी झोपेतही दुसऱ्यांच्या चूका काढतो.' कल्पना छान, पण 'चूक' दीर्घ आणि अनेकवचनी 'चुका' ऱ्हस्व! मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे चौदा नियम १९६२ साली आले, १९७२ साली आणखी चारांची भर पडली. हे अठरा नियम संपादकाला पाठच हवेत. संपादनाच्या नोकरीचा अर्ज हेच पहिलं मुद्रित असतं. तिथे पडलेली चूक कुठलाही विनोद झाकू शकत नाही.

तिसरी गोष्ट खास आपल्या विदर्भाची. इथली मुलं अर्ज लिहिताना आपली बोली लपवतात. 'करून राहिलो' चुकून गेलं तर काय, ही धास्ती. मी म्हणतो, तिचाच उपयोग करा. 'मी अर्ज करून राहिलो आहे हे मी घरी म्हणतो. अर्जात मात्र अर्ज करतो आहे. दोन्हींतला फरक मला कळतो आणि गोष्टीतल्या पात्राच्या तोंडचं "काहून" कधी खोडायचं नाही, हेही कळतं.' या तीन वाक्यांत गंमत आहे, आणि संपादकाचा विवेकही आहे.

विनोदाचं आपल्याला वावडं असण्याचं कारण नाही. मराठी विनोदी लेखनाचा पाया घालणारे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर १८७१ साली नागपुरातच जन्मले. इथे 'देशसेवक' पत्राचं संपादन केलेल्या अच्युत बळवंत कोल्हटकरांनी पुढे १९१५ साली मुंबईत 'संदेश' काढला आणि मराठी वृत्तपत्राला खेळकर भाषा दिली. हसवणारा माणूस गंभीर काम करू शकत नाही, हा समज या दोघांनी केव्हाच खोटा ठरवला.

तरीही हसवलं म्हणजे नोकरी लागली, असं नाही. अमेरिकेत १९३३ साली युडोरा वेल्टी या तेवीस वर्षांच्या मुलीनं 'न्यू यॉर्कर' साप्ताहिकाला नोकरीसाठी पत्र लिहिलं. अर्जापेक्षा एखादा हातचलाखीचा खेळ तुम्हाला जास्त आवडेल, पण हवं ते कुणाला मिळतं, अशी तिची सुरुवात. मात्र पुढे शिक्षण कुठे झालं, आपण काय काय लिहून देऊ शकतो, हेही तिनं मांडलं होतं. नोकरी तिला मिळाली नाही. पण पुढे त्याच साप्ताहिकानं तिच्या कथा छापल्या आणि १९७३ साली तिला कादंबरीसाठी पुलित्झर पारितोषिक मिळालं.

म्हणून अर्ज पाठवण्यापूर्वी एक करावं. त्यातला विनोद झाकून उरलेला मजकूर वाचावा. शिक्षण, केलेलं काम, कधीपासून येऊ शकता, हे सगळं नीट कळत असेल, तर विनोद राहू द्यावा. कळत नसेल, तर आधी तेवढं लिहून काढावं. पोह्यांवर शेव भुरभुरायची ती पोहे झाल्यावर. आणि ते एक वाक्य घरात कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवावं. ऐकणाऱ्याला समजावून सांगावं लागलं, तर ते बिनदिक्कत खोडावं. आपलंच आवडतं वाक्य खोडता येणं, हीसुद्धा संपादकाची पात्रताच आहे.