हज-उमऱ्याला जाताय? एटीएममधून रियाल काढण्याआधी हा हिशेब समजून घ्या



वर्षानुवर्षे पै-पै जमवून आपल्याकडचे लोक हज किंवा उमऱ्याला निघतात. नांदेडचे असोत की लातूरचे, उदगीर, औसा, कंधारचे असोत, तिकिटाचा, हॉटेलचा, कपड्यांचा हिशेब सगळे चोख करतात. पण मक्केत गेल्यावर रोख पैसे कसे काढायचे आणि त्यावर बँक किती कापणार, हे फार थोडे लोक आधी विचारतात. परत आल्यावर पासबुक भरून आणले की ओळीमागून ओळी दिसतात आणि मग प्रश्न पडतो, "एवढे पैसे गेले कुठे?"

हा प्रश्न आता पूर्वीपेक्षा महत्त्वाचा झाला आहे. आधी हज कमिटीमार्फत जाणाऱ्या प्रत्येक हाजींना २१०० रियाल रोख मिळत. ते पैसे आपणच हप्त्यात भरलेले असत, पण हातात आयते रियाल येत. २०२३ च्या हजपासून ही सक्ती गेली. आता रियालची सोय ज्याची त्यानेच करायची. उमऱ्याला जाणाऱ्यांना तर ती आधीपासूनच स्वतः करावी लागते.

पैसे तीन ठिकाणी कापले जातात

आपले नेहमीचे डेबिट कार्ड सौदीच्या एटीएममध्ये घातले की साधारणपणे तीन गोष्टी लागतात.

पहिली, प्रत्येक वेळी पैसे काढण्याचे ठराविक शुल्क. अनेक बँकांत ते शंभर ते दीडशे रुपयांच्या घरात असते. दोनशे रियाल काढा की हजार, शुल्क तेवढेच.

दुसरी, चलन बदलण्याचे शुल्क. बँकवाले याला मार्कअप म्हणतात. हे रकमेवर टक्क्याने लागते, बहुतेक ठिकाणी दोन ते साडेतीन टक्के.

तिसरी, या दोन्ही शुल्कांवर १८ टक्के जीएसटी.

याशिवाय तिथल्या एटीएमची बँक वेगळे पैसे लावू शकते. तो आकडा मशीनच्या पडद्यावर आधी दिसतो. तो नको असेल तर व्यवहार रद्द करून दुसरे मशीन बघावे.

पाच वेळा की एकदाच?

हिशेबाला सोपे म्हणून एक रियाल २४ रुपयांचा धरू. शुल्क १५० रुपये आणि मार्कअप साडेतीन टक्के.

समजा, देगलूर नाक्याच्या एका कुटुंबाने पाच दिवस रोज २०० रियाल काढले. २०० रियाल म्हणजे ४,८०० रुपये. त्यावर मार्कअप १६८, शुल्क १५० आणि जीएसटी सुमारे ५७. एका वेळेचे झाले ३७५ रुपये, पाच वेळचे सुमारे १,८७६.

दुसऱ्या कुटुंबाने हजार रियाल एकदाच काढले. मार्कअप ८४०, शुल्क १५०, जीएसटी सुमारे १७८. एकूण १,१६८ रुपये. म्हणजे तेवढ्याच रियालसाठी ७०८ रुपये वाचले. थोडे थोडे काढणे सुरक्षित वाटते, पण महाग पडते. दोन-तीन जणांत वाटून जवळ ठेवता येतील इतके पैसे एकदाच काढलेले बरे.

आणखी एक. तिथल्या मशीनवर नुसती शिल्लक बघितली तरी बऱ्याच बँका पैसे घेतात. खात्यात रक्कम कमी असल्याने व्यवहार झाला नाही, तरी काही बँका दंड लावतात. शिल्लक मोबाईलवर बघा, मशीनवर नको.

"रुपयांत घ्यायचे का?" नाही म्हणा

सगळ्यात मोठा फटका इथे बसतो. मशीन किंवा दुकानदार विचारतो, रक्कम रुपयांत लावू का? आपल्याला वाटते, आपले चलन, समजायला सोपे. पण हो म्हटले की दर आपली बँक ठरवत नाही, तो समोरच्या मशीनचा असतो. त्यात चार-पाच टक्के, कधी त्याहून जास्त, आधीच चढवलेले असतात. हजार रियालवर पाच टक्के म्हणजे १,२०० रुपये. वर काही बँका अशा व्यवहारालाही स्वतःचे शुल्क लावतात ते वेगळेच.

म्हणून नेहमी रियालच निवडा. पडद्यावर "डिक्लाइन कन्व्हर्जन" किंवा "विदाउट कन्व्हर्जन" असे लिहिलेले असते. ते दाबल्याने व्यवहार रद्द होत नाही, फक्त रुपयांचा दर नाकारला जातो. पैसे मिळतातच. अम्मी-अब्बा एकटे जात असतील तर हे दोन शब्द त्यांना कागदावर लिहून द्या.

क्रेडिट कार्डाने रोख काढू नका

क्रेडिट कार्डाने दुकानात खरेदी केली तर बिल भरायला मुदत मिळते. रोख काढली तर मिळत नाही. रोख काढण्याचे शुल्क लागतेच, आणि व्याज त्याच दिवसापासून सुरू होते. व्याजापासून लांब राहू पाहणाऱ्या आपल्या घरांनी हे खास लक्षात ठेवावे. हजच्या प्रवासात नकळत व्याज भरायची वेळ कुणावर येऊ नये.

निघण्याआधी इथेच करायची कामे

कार्ड परदेशात चालते का, ते शाखेत जाऊन विचारा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवीन कार्ड फक्त देशातल्या वापरासाठी चालू असते. परदेशातला वापर ॲपवरून किंवा शाखेतून आपणच सुरू करायचा आणि परत आल्यावर बंद करायचा. जनधन खात्याचे साधे रुपे कार्ड असेल तर त्याच्या भरवशावर निघू नका.

बँकेत नोंदवलेला मोबाईल नंबर तिकडे चालू राहील याची सोय करा. नाहीतर ओटीपी येणार नाही.

फॉरेक्स कार्ड घेणार असाल तर त्यात रियालच भरून घ्या. डॉलर भरलेले कार्ड सौदीत वापरले तर पुन्हा चलन बदलण्याचे शुल्क लागू शकते. या कार्डावर रोख काढायला किती लागतात, उरलेले पैसे परत कसे मिळतात, हेही विचारा.

काही रियाल इथूनच रोख न्या. टॅक्सी, डोके मुंडवणारा न्हावी, सदका, चहा यांना पहिल्याच दिवशी सुटे लागतात. रियाल परवानाधारक मनी चेंजर किंवा बँकेतूनच घ्या आणि पावती जपून ठेवा. पन्नास हजार रुपयांपेक्षा जास्त रकमेचे चलन रोख रुपये देऊन मिळत नाही, खात्यातून पैसे द्यावे लागतात.

दर बरोबर आहे का, हे ताडायची सोपी युक्ती आहे. सौदी रियाल १९८६ पासून डॉलरला बांधलेला आहे, एक डॉलर म्हणजे ३.७५ रियाल. त्या दिवशीच्या डॉलरच्या भावाला ३.७५ ने भागा. डॉलर ९० रुपये असेल तर रियाल २४ रुपये. चेंजर २४.४० म्हणाला तर समजण्यासारखे आहे, २६ म्हणाला तर दुसरीकडे विचारा.

शेवटचे, पण महत्त्वाचे. "तिकडे माझ्या माणसाकडून रियाल घ्या, इकडे घरी रुपये द्या" असे कुणी सुचवले तर नम्रपणे नकार द्या. अशी परस्पर फेड फेमा कायद्यात बसत नाही. ओळखीचा माणूस असला तरी.

शाखेत जाऊन दहा मिनिटे बसलात तर हजार-दोन हजार रुपये सहज वाचतील. ते घरच्यांसाठी खजूर आणायला कामी येतील, किंवा तिथेच एखाद्या गरजूच्या हातात पडतील.

अल्लाह आपल्या सर्वांचा हज आणि उमरा कबूल करो. आमीन.