एका चेहऱ्यावरून दुसऱ्या चेहऱ्यावर

जून महिन्यात शाळा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी वसतिगृहात जे घडते, ते या स्मरणिकेच्या बहुतेक वाचकांनी एकदा तरी अनुभवले असेल. आईवडील पत्र्याची पेटी खोलीत ठेवतात, अंथरुणाची वळकटी सोडून देतात, मुलाच्या डोक्यावरून हात फिरवतात आणि एसटीच्या वेळेचे निमित्त करून निघतात. मग एक मूल रडू लागते. शेजारचे मूल आतापर्यंत नव्या पेटीच्या कुलपाशी खेळत असते. त्याचेही ओठ थरथरू लागतात. घटकाभरात सारी खोली रडत असते. ‘का रडतोस?’ असे विचारले, तर त्यांतील कित्येकांना कारण सांगता येत नाही. अशा वेळी स्वयंपाकघरातील एखादी मावशी शांत चेहऱ्याने दारात येऊन उभी राहिली, की तेच रडणे हळूहळू ओसरते, हेही आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत.

ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, वाण नाही पण गुण लागला, असे आपल्याकडे म्हणतात. सहवासाने गुण लागतो हे खरे. पण चेहऱ्यावरील भाव लागण्यास सहवासाचीही गरज नसते, एक क्षण पुरतो. हे नेमके कसे घडते आणि मुले सांभाळणाऱ्यांनी त्यातून काय घ्यावे, याचा थोडा विचार या लेखात करू.

दुसऱ्याच्या पायावर काठी पडणार असे दिसले, की पाहणारा नकळत आपलाच पाय मागे घेतो, हे निरीक्षण ॲडम स्मिथ या विचारवंताने १७५९ साली नोंदवून ठेवले आहे. मात्र चेहऱ्याच्या बाबतीत हे मोजून पाहण्याचे काम विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाले. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ उल्फ डिमबर्ग यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना हसऱ्या आणि रागीट चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवली आणि त्याच वेळी त्यांच्या चेहऱ्याच्या स्नायूंमधील सूक्ष्म विद्युत हालचाल मोजली. हसरा चेहरा दिसताच ओठांचे कोपरे वर खेचणारा गालाचा स्नायू हलला. रागीट चेहरा दिसताच भुवया आक्रसणारा स्नायू हलला. ही हालचाल बहुधा इतकी बारीक असते, की नुसत्या डोळ्यांना ती दिसतही नाही.

पुढे २००० साली डिमबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याहून नवलाची गोष्ट दाखवली. हसरा किंवा रागीट चेहरा त्यांनी सेकंदाच्या हजार भागांपैकी केवळ तीस भाग इतकाच वेळ दाखवला आणि लगेच त्या जागी भावहीन चेहरा आणला. पाहणाऱ्यांना जाणीवपूर्वक दिसला तो भावहीन चेहराच. तरीही त्यांच्या स्नायूंनी आधीच्या चेहऱ्याला साद दिली. याचा अर्थ असा, की ही नक्कल आपण ठरवून करत नाही. मनाला कळण्यापूर्वीच चेहरा उत्तर देऊन मोकळा होतो.

चेहरा हलला म्हणून मनातील भावनाही बदलते काय? या प्रश्नावर मात्र शास्त्रज्ञांत एकमत नाही. दातांत पेन धरल्याने चेहरा हसल्यासारखा होतो आणि मग व्यंगचित्रे अधिक गमतीची वाटतात, असे १९८८ सालच्या एका गाजलेल्या प्रयोगात दिसले होते. २०१६ साली सतरा प्रयोगशाळांनी तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा तसा परिणाम आढळला नाही. चेहऱ्याच्या हालचालीचा मनावर थोडाफार परिणाम होत असावा, पण तो फार मोठा नसावा, असेच सध्या म्हणता येते. तसेच, जन्मतः चेहऱ्याचे स्नायू हलवू न शकणाऱ्या व्यक्तींनाही इतरांच्या भावना ओळखता येतात, असे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. म्हणजे दुसऱ्याचे मन जाणण्याच्या अनेक वाटा आहेत आणि चेहऱ्याची नक्कल ही त्यांपैकी एक. मुखावर भाव न उमटणारे मूल भावनाशून्य असते, असा निष्कर्ष कोणीही काढू नये.

यापुढची गोष्ट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. ही नक्कल सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात काही जणांना सांगण्यात आले, की समोरची व्यक्ती तुमची सहकारी आहे. इतरांना सांगितले, की ती तुमची प्रतिस्पर्धी आहे. सहकाऱ्याचे हसू पाहून पाहणाऱ्याचा चेहरा खुलला, त्याची वेदना पाहून आक्रसला. प्रतिस्पर्ध्याच्या बाबतीत नेमके उलटे घडले. ज्याला आपण आपला मानतो त्याला चेहरा साद देतो. ज्याला परका मानतो त्याच्यापुढे तो मिटून घेतो किंवा उलटाच वागतो, असे पुढील अभ्यासांतूनही अनेकदा दिसले आहे.

आपल्या समाजाला हे प्रयोगशाळेतून शिकावे लागले नाही. शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. त्या गोणपाटाची नोंद आज सर्वांना ठाऊक आहे. पण कित्येक पिढ्यांतील मुलांनी हसून पाहिले आणि समोरचा चेहरा हलला नाही, याची नोंद कोण ठेवणार? ते केवळ त्या मुलांना उमगत असे. आणि अशी वागणूक आजही पूर्णपणे संपली आहे, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

प्रतिसाद न देणारा चेहरा लहान जीवाला किती सलतो, हे अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिले. तान्ह्या बाळाशी खेळता खेळता आईने काही मिनिटे चेहरा निर्विकार ठेवायचा, एवढाच तो प्रयोग. बाळ प्रथम हसून, हात हलवून आईला परत बोलावू पाहते. जमत नाही असे दिसल्यावर तोंड फिरवते, कष्टी होते. मोबाइलमध्ये डोळे घातलेल्या पालकाचा चेहरा मुलाला कसा दिसत असेल, याचा विचार या निमित्ताने आपण सर्वांनी करावा.

मग मुले सांभाळणाऱ्यांनी काय करावे? उसने हसू आणू नये. ते मुलांना कळते. रडणाऱ्या मुलापुढे एकदम हसरा चेहरा नेला, तर आपले दुःख यांना दिसलेच नाही, असे त्याला वाटते. आधी त्याच्या चेहऱ्याला आपल्या चेहऱ्याने ‘कळले मला’ असे सांगावे आणि मग सावकाश शांत व्हावे; मूल मागोमाग येते. पालकांनीही फाटकाबाहेर पडेपर्यंत चेहरा सांभाळावा, बाहेर गेल्यावर खुशाल रडावे. मात्र मुलाची नजर चुकवून पसार होऊ नये, नीट निरोप घ्यावा. आणखी एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. दिवसभर चाळीस मुलांच्या चेहऱ्यांना साद देणाऱ्या अधीक्षकांच्या आणि मावशींच्या अंगी त्या साऱ्या भावनांचा थोडा थोडा अंश उतरत असतो. त्यांचा थकवा केवळ कामाचा नसतो. त्यांना विसावा मिळाला, तरच मुलांना त्यांचा शांत चेहरा मिळेल.

‘अनुकंपा’ हा शब्द पालीतही आहे आणि मराठीतही. एकाच्या कंपामागोमाग दुसऱ्यात उठणारा कंप, असा त्याचा शब्दशः अर्थ. शरीर हे काम आपोआप करते. पण कोणासाठी करावे आणि कोणासाठी नाही, हे शरीराला शिकवते ती आपली समजूत. समजूत बदलता येते, आणि शाळा असते ती त्यासाठीच.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आमची एक विनंती आहे. देणगी जरूर द्यावी. पण जूनच्या पहिल्या आठवड्यात एखादा दिवस काढून येथे यावे, नव्या मुलांच्या पंगतीला बसावे. त्याच फाटकापाशी एकदा रडून पुढे मोठे झालेले आपले चेहरे त्या मुलांनी पाहावेत. भाषण करण्याची गरज नाही. समोरच्या मुलाने मान वर करून पाहिले, की त्याला साद द्यावी.