एकटी पास, घोळक्यात नापास

शेकडो स्वयंचलित चाचण्यांपैकी एकच नापास होते. प्रोग्रामर बाकीच्या बाजूला ठेवून तेवढीच पुन्हा चालवतो, ब्रेकपॉइंट लावतो आणि ओळीओळीने बग शोधतो. सवय उत्तमच आहे, कारण उत्तर काही सेकंदांत हाती येतं. मात्र त्या उत्तराचा अर्थ लावताना काही गैरसमज आड येतात आणि त्यापायी दिवसच्या दिवस वाया जातात.

गैरसमज १ : नाव दिलं की नेमकी तीच चाचणी चालते.

वस्तुस्थिती : अनेक साधनं दिलेल्या नावाकडे नमुना म्हणून पाहतात. गो भाषेत ‘रन’ पर्यायाला दिलेला मजकूर रेग्युलर एक्स्प्रेशन असतो. तिथे ‘टेस्टॲड’ लिहिलं तर ‘टेस्टॲड्रेस’ही चालते; हे टाळायचं तर नावाला आरंभाची आणि शेवटाची खूण लावावी लागते. रस्टचं कार्गो आणि पायथॉनच्या पायटेस्टमधला ‘के’ पर्याय हेही नावाचा तुकडा जुळला की चाचणी उचलतात.

नाव लिहिताना चूक झाली तर धोका आणखी मोठा. गो ‘चालवायला चाचणीच नाही’ असा इशारा देतं, पण शेवटी ‘ओके’ छापतं. कार्गोही शून्य चाचण्या चालवून ‘ओके’च म्हणतं. म्हणून निकालाच्या रंगाआधी किती चाचण्या चालल्या तो आकडा वाचावा.

गैरसमज २ : एकच चाचणी म्हणजे तेवढाच कोड चालतो.

वस्तुस्थिती : तिची पूर्वतयारी चुकत नाही. पायथॉनच्या जँगोत डेटाबेस वापरणारी एक चाचणी चालवली तरी आधी चाचणीचा डेटाबेस उभा राहतो. तो पुन्हा पुन्हा बांधावा लागू नये म्हणूनच २०१५च्या १.८ आवृत्तीत ‘कीपडीबी’ हा पर्याय आला.

गैरसमज ३ : एकटी पास झाली म्हणजे बग नाहीच.

वस्तुस्थिती : बग दोन चाचण्यांच्या मध्येही लपलेला असतो. जावाच्या जेयुनिटमध्ये चाचण्या बहुधा फाइलमधल्या क्रमानेच चालत. तसं आश्वासन मात्र कोणी दिलेलं नव्हतं. २०११ मध्ये जावा ७ आलं, क्रम बदलला आणि वर्षानुवर्षं पास होणाऱ्या चाचण्या कोसळल्या. एकीने मागे ठेवलेल्या डेटावर दुसरी उभी होती. जेयुनिटने २०१२च्या ४.११ आवृत्तीत क्रम ठरावीक केला, तरी चाचण्यांचं हे परावलंबन चाचणी लिहिणाऱ्यालाच मोडावं लागतं.

इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये अपाचीच्या ५१ प्रकल्पांत, कधी पास तर कधी नापास होणाऱ्या चाचण्यांच्या दुरुस्त्या तपासल्या. वर्गीकरण करता आलेल्यांपैकी १२ टक्के दुरुस्त्या चाचण्यांच्या क्रमाशी निगडित होत्या. अशा वेळी रुबीच्या आरस्पेकमधला ‘बायसेक्ट’ पर्याय फार उपयोगी पडतो : यादी छाटत छाटत, बिघाड पुन्हा घडवणारा चाचण्यांचा सर्वांत लहान गट तो शोधून देतो.

गैरसमज ४ : डीबगरमध्ये दिसतं तेच खरं वागणं.

वस्तुस्थिती : ब्रेकपॉइंटवर कोड थांबतो, घड्याळ थांबत नाही. जावास्क्रिप्टच्या जेस्टमध्ये चाचणीची मुदत मूळची ५ सेकंदांची असते. असिंक, म्हणजे मागे चालू असलेल्या कामाची वाट पाहणारी चाचणी मध्येच रोखून धरली तर ती निव्वळ मुदत टळल्यामुळे नापास होऊ शकते. उलटही घडतं. त्याच संशोधनात ४५ टक्के दुरुस्त्या असिंक कामाची नीट वाट न पाहण्याशी संबंधित होत्या. असा बग डीबगरच्या संथ गतीत दिसेनासा होतो, कारण तेवढ्यात मागचं काम आटोपलेलं असतं. तिथे लॉगमधल्या वेळेच्या नोंदी जास्त कामाच्या.

गैरसमज ५ : ‘ओन्ली’ लावणं ही तात्पुरती, निरुपद्रवी सोय आहे.

वस्तुस्थिती : ‘ओन्ली’ची खूण लावली की तेवढीच चाचणी चालते; जेस्टमध्ये तिचा अंमल त्याच फाइलपुरता असतो, बाकीच्या फाइली चालतच राहतात. तो शब्द काढायचा राहिला आणि कोड तसाच सामायिक शाखेत गेला, तर त्या फाइलमधल्या इतर चाचण्या गुपचूप वगळल्या जातात आणि निकाल हिरवाच दिसतो. यासाठी जावास्क्रिप्टच्याच मोका या साधनामध्ये ‘फॉरबिड-ओन्ली’ हा पर्याय आहे : बिल्ड सर्व्हरवर तो चालू ठेवला की विसरलेला एक ‘ओन्ली’ही सगळा बिल्ड तिथेच नापास करतो.